सर्व्हर चालू होता

त्या कंपनीत लिनक्स मी आणलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते आठवायला बसलो की सुरुवात दरवेळी इथूनच होते.

शिरूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग तयार करणारा एक मध्यम कारखाना होता. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथं कॉम्प्युटर सांभाळायला होतो. खात्यात साहेब, मदतनीस आणि शिपाई सगळं मीच. शॉपमध्ये, म्हणजे कातकामाच्या शेडमध्ये, आठ सीएनसी मशिनं होती. कुठला भाग किती मापाचा कातायचा याचा प्रोग्राम मशिनला द्यावा लागतो. मशिनची स्वतःची मेमरी चिमूटभर, म्हणून सगळे प्रोग्राम एका कॉम्प्युटरवर ठेवलेले असायचे. नवा जॉब, म्हणजे नवा भाग, लावताना ऑपरेटर केबलमधून हवा तो प्रोग्राम आपल्या मशिनवर उतरवून घ्यायचा. हाच आमचा सर्व्हर.

जुना सर्व्हर बिघडला तेव्हा मॅनेजर साहेबांनी विचारलं, स्वस्तात काय होईल. मासिकाबरोबर आलेली सीडी लावून, एका क्लासच्या कॉम्प्युटरवर रात्री-बेरात्री बसून विंडोजऐवजी वापरता येणारं लिनक्स मी शिकलो होतो. मी म्हणालो, हे फुकट आहे आणि कधी हँग होत नाही. ‘कधी हँग होत नाही’ हे शब्द माझेच. पुण्याहून सुटे भाग आणून मी स्वतः नवा सर्व्हर जोडला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बुधवारी घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं, तर ते फक्त आईला म्हणाले, याला भाकरी वाढ.

घर दौंडला. वडील रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, नुकतेच निवृत्त झालेले. मी शिरूरला एका खोलीत राहायचो आणि गुरुवारी कारखान्याला सुट्टी म्हणून बुधवारी संध्याकाळच्या एसटीने न्हावरा, चौफुला, वरवंड, पाटस करत घरी यायचो. आमच्या विहारात जमणाऱ्या पोरांत कॉम्प्युटरवर पोट भरणारा मी पहिला. कारखान्याच्या ऑफिसात आमच्यातला मी एकटाच. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, पण ‘ह्याला जमतंय का’ ही नजर मला लांबून ओळखू यायची. म्हणून ती पाठीवरची थाप मला जरा जास्तच मोलाची वाटली होती.

तीन आठवडे सर्व्हर नीट चालला. मग एका सकाळी पहिल्या शिफ्टचा निरोप आला, प्रोग्राम उतरत नाही. जाऊन पाहिलं तर सर्व्हरचा हिरवा दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पडद्यावर अक्षरं दिसतायत, पण कीबोर्ड बडवून उपयोग नाही. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. दिवसभर उत्तम चालला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवड्यातून तीनदा. दिवसा कधीच नाही. संध्याकाळी धडधाकट सोडून जायचो आणि सकाळी तो थिजलेला असायचा.

बिघाड कुठं आहे हे सांगणारी एक नोंदवही लिनक्स स्वतःच लिहीत असतं. मी ती पानंच्या पानं छापून घेतली. त्यात काहीच नसायचं. मध्यरात्रीपर्यंत सगळं सुरळीत आणि मग एकदम सकाळी मी बटण दाबल्याची वेळ. आजारी माणूस निदान कण्हतो तरी. हा न कण्हता जायचा.

मी एक-एक गोष्ट बदलत गेलो. मेमरी तपासायचा प्रोग्राम एका सुट्टीच्या दिवशी आठ तास चालवला, एक चूक सापडली नाही. तरी मेमरी बदलली. पॉवर सप्लाय बदलला. रात्री शेतीपंप बंद झाले की आमच्याकडं व्होल्टेज चढतं, म्हणून इलेक्ट्रिशियनच्या मागं लागून स्टॅबिलायझर बसवला. पहाटे चार वाजता सर्व्हर स्वतःची साफसफाई करतो, ती बंद केली. शेवटी मी एक चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो दर मिनिटाला एका फाइलमध्ये वार आणि वेळ टिपायचा आणि तेच पडद्यावर मोठ्या आकड्यांत दाखवायचा. सकाळी आलं की पडद्यावर मरणाची वेळ वाचायला मिळायची. कधी एक वाजून दहा, कधी पावणेतीन, कधी साडेअकरा. त्यात काही सूत्र दिसेना. दोन रात्री मी तिथंच खुर्चीवर बसून राहिलो, सारखं काहीतरी टाइप करत, डोळ्यात तेल घालून. त्या दोन्ही रात्री तो हँग झाला नाही. तिसऱ्या रात्री शिरूरच्या खोलीवर झोपलो आणि झाला.

त्या दिवसांत मला जेवण जाईना. कुणी शॉपमधून ऑफिसकडं चालत आला की मी आधी पडद्याकडं बघायचो. एकदा मी यायच्या आत सुपरवायझरने स्वतःच बटण दाबून सर्व्हर चालू केला आणि नेमके त्या वेळी काही प्रोग्राम खराब झाले. ते पुन्हा बसवायला मला दोन दिवस लागले. मग मी सर्व्हरच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला, ‘माझ्याशिवाय कुणीही सर्व्हरला हात लावू नये.’ आणि त्या कागदाची किंमत म्हणून रोज पहिल्या शिफ्टच्या आधी, पावणेसातला हजर राहू लागलो.

पावणेसातला यायचो तेव्हा आप्पा हमखास आलेले असायचे. पाच नंबरच्या मशिनवरचे ऑपरेटर. पंचेचाळिशीचे, न्हावऱ्याच्या पुढच्या एका वाडीवरून मोपेडवर यायचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडलेले. आप्पांनी आयटीआय केला आणि घरातला पहिला पगार आणला. मशिनवर ते आठ वर्षं होते. माप इतकं चोख, की तपासणीवाले त्यांचा माल उलटून बघत नसत. माझ्या खोलीला शॉपच्या बाजूने काचेची खिडकी होती. तिथून ते पडद्यावरची वेळ आणि आपल्या मनगटावरचं घड्याळ जुळतंय का ते बघायचे आणि मला आधीच सांगायचे, ‘सर, आज जित्तं हाय,’ नाहीतर नुसती मान हलवायचे. सगळ्या कारखान्यात माझ्या या दुखण्याची चेष्टा न करणारे ते एकटेच. एकदा डब्यातली मेथीची भाजी माझ्या पुढं सरकवून म्हणाले, ‘खावा. मशिन हाय ते, कवा ना कवा गावंल त्याची नस.’

एका आठवड्यात गुरुवारी माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. एरवी मी गुरुवारी संध्याकाळीच शिरूरला परतायचो, पण पाहुणे उशिरा आले, त्यांना वाटेला लावेपर्यंत शेवटची गाडी गेली. शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने निघालो. गाळपाचे दिवस होते. वरवंडजवळ उसाची ट्रॉली आडवी झालेली, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग. लोक खाली उतरून ऊस मोडून खात होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मनात म्हणत होतो, आज नको, आजचा एक दिवस चालू राहा.

नऊ वाजून गेल्यावर गेटमधून आत शिरलो, तर शॉपमध्ये नेहमीचा आवाज नव्हता. पाच नंबरच्या मशिनभोवती माणसं उभी होती. मी आधी माझ्या खोलीत गेलो. पडद्यावर बुधवारच्या रात्रीची वेळ होती, दोन वाजून सतरा मिनिटं. मी बटण दाबून सर्व्हर पुन्हा चालू केला आणि मग बाहेर आलो.

झालं होतं ते असं. सकाळी तातडीचा नवा जॉब पाच नंबरला लावायचा होता. बाकीच्या मशिनांवर बुधवारचंच काम पुढं चालू होतं, त्यांना सर्व्हर लागला नाही. आप्पांना प्रोग्राम मिळेना. सर्व्हरला हात लावायचा नाही असा माझा कागद. सुपरवायझरवर माल पाठवायची घाई. त्याने आप्पांना सांगितलं, जवळपास असाच जुना जॉब मशिनच्या मेमरीत आहे, त्यातले आकडे हाताने बदल आणि चालव. आप्पा तयार नव्हते, पण त्याने दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी आकडे बदलले. एक आकडा राहिला. कातायचं टूल भरवेगात येऊन, भाग पकडणाऱ्या फिरत्या चकवर आदळलं. कुणाला लागलं नाही, पण चक फिरवणारा स्पिंडल गेला. परदेशी मशिन, महिनाभर तरी बंद.

अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये आम्हा तिघांना बोलावलं. सुपरवायझर आधीच बोलून बसला होता. सर्व्हर चालू असताना याने प्रोग्राम उतरवून घेण्याचा कंटाळा केला आणि स्वतःच्या मनाने जुना प्रोग्राम चालवला, असं त्याने सांगितलं होतं. आप्पा हात मागं बांधून उभे होते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

‘तुला आल्यावर कळलं असेलच. सकाळी सात वाजता सर्व्हर चालू होता का?’

माझ्या डोळ्यांपुढं काय-काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दारावरचा कागद आला. ‘कधी हँग होत नाही’ हे माझं वाक्य आलं. साहेब दोन महिने मला विचारत होते, अजून किती दिवस, तेही आलं. साहेबांच्या आवाजात या वेळी राग नव्हता, ते खरंच माहिती विचारत होते. मी म्हणालो, ‘चालू होता साहेब. दिवा लागलेला होता.’

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. हिरवा दिवा रात्रंदिवस लागलेलाच असायचा. मी ते का जोडलं? पुढं कधी कुणी पकडलं तर निसटायला जागा राहावी म्हणून, दुसरं काय. आप्पांनी मान वर करून माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांनी काही म्हणावं म्हणून मी थांबलो. ते काही म्हणाले नाहीत. साहेबांनी त्यांना बाहेर पाठवलं.

आधी त्यांना घरी बसवलं, मग महिन्याभरात राजीनामा लिहून घेतला. लिहून दिला नाही तर चौकशी लावू आणि दुसरीकडंही कुठं उभं राहू देणार नाही, असं सांगितलं म्हणे. मला हे कँटीनमध्ये कळलं. माझ्या फाइलमध्ये बुधवारचे दोन सतरा तसेच होते. त्याच्या पुढची ओळ शुक्रवारी सकाळी साडेनवाची. मधला सबंध दिवस आणि दोन रात्री कोऱ्या. एवढा कागद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवायला दोन मिनिटं लागली असती. अशी फाइल आहे हेच कारखान्यात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

पाच नंबर बंद पडल्यामुळं राहिलेलं काम बाकीच्या मशिनांवर ओढायला गुरुवारची सुट्टी रद्द करून रोज तिसरी शिफ्ट लावली. रात्रभर प्रोग्राम उतरवले जाऊ लागले. पहिले काही दिवस मी धास्तावून होतो. पण सर्व्हर एकदाही हँग झाला नाही. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मग एका गुरुवारी सगळ्यांना सुट्टी दिली आणि शुक्रवारी सकाळी पडद्यावरची वेळ थिजलेली होती.

तेव्हा मला दिसलं. त्याला काम असलं की तो जगत होता आणि निवांत पडला की मरत होता. मी समोर बसून कीबोर्ड बडवत होतो त्या रात्री तो म्हणूनच वाचला होता. शिरूरच्या एका सायबर कॅफेत जाऊन मी हेच शब्द टाकून शोधलं. कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसाने लिहिलं होतं की या जातीच्या मदरबोर्डवर काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो आणि कधीकधी त्याला जागच येत नाही. उपाय म्हणजे सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या एका ओळीत एक शब्द वाढवायचा, त्याने झोपू नये म्हणून. मी तो शब्द हातावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी टाकला. त्यानंतर तो सर्व्हर कधीही हँग झाला नाही.

चार महिने ज्यासाठी तळमळलो ते एका शब्दात मिटलं, तर आनंद व्हायला हवा होता. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकून बसलो. आप्पांना घरी बसवल्याला पाच आठवडे झाले होते.

बुधवारी घरी गेलो. वडिलांना सगळं सांगितलं, केबिनसकट. ते खाटेवर बसून ऐकत होते. रेल्वेत सिग्नल बिघडला की काय करतात हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आधी वेळ टाकून नोंद, मग बाकीची धावपळ. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग तुज्या रजिस्टरला किती वाजता बंद पडल्याचं लिवलंय?’

मी म्हणालो, दोन सतरा.

‘आन् तू काय सांगितलंस?’

ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी आपल्या नोकरीची भीती, ऑफिसातली नजर, सगळं सांगायच्या तयारीत होतो. पण ती नजर त्यांनी माझ्यापेक्षा तीस वर्षं जास्त सोसली होती. त्यांना काय सांगणार? आई म्हणाली, झोप आता. सकाळी मी दहाच्या गाडीने निघून आप्पांच्या वाडीच्या फाट्यावर उतरलो.

आप्पांचं घर विचारत गेलो. ते दुसऱ्याच्या कांद्यावर रोजाने होते. बायकांच्या रांगेत बसून कांद्याच्या पाती कापत होते. मला बघून उठले, हात पुसले, बांधावरच्या लिंबाखाली घेऊन गेले. मी उभ्या-उभ्याच बोलायला लागलो. सर्व्हर त्या दिवशी बंद होता, बुधवारच्या रात्रीच बंद पडला होता, माझ्याकडं त्याची नोंद आहे.

‘मला ठाव हाय,’ आप्पा म्हणाले. ‘सात वाजता खिडकीतनं बगितलं की म्या. दोन सतरा.’

‘मग केबिनमध्ये बोलला का नाहीत?’

त्यांनी बोटांना चिकटलेली पात काढून टाकली. मग म्हणाले, ‘तुमी सांगताल वाटलं. म्हणून थांबलो.’

त्यांच्या बोलण्यात दोष दिल्याचा सूर नव्हता. तो असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. मी म्हणालो, उद्याच साहेबांना कागद दाखवतो. ते म्हणाले, दाखवा. मग मुकादमाने हाक मारली तसे ते परत रांगेत जाऊन बसले. रांगेतल्याच त्यांच्या बायकोने मला तांब्याभर पाणी आणून दिलं. नवऱ्याच्या कामावरचे साहेब आलेत एवढंच तिला कळलं होतं. तिने मला विचारलं, परत घेत्यात का हो त्यांना?

शुक्रवारी मी फाइल छापून साहेबांकडं गेलो. त्यांनी ती पूर्ण वाचली. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, मशिनच्या विम्याच्या कागदांवर ऑपरेटरची चूक असं लिहून गेलंय, दावा मंजूर होत आलाय, आता मी हे बदलायला गेलो तर सगळंच उलटेल. त्यांनी कागदाची घडी केली आणि मला परत दिली. ‘सर्व्हर नीट झाला ना? मग आता हे मनातून काढ.’

मी म्हणालो, माझी चूक आहे, मला काढा. ते म्हणाले, तुला काढून तो परत येणार आहे का? खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं. मी टेबलाकडं परत आलो आणि कामाला लागलो. त्यानंतर चार वर्षं मी तिथं नोकरी केली. पगार वाढला. बहिणीचं लग्न झालं. वडील माझ्याशी बोलायचे, गाडी वेळेवर आली का, पाऊस आहे का, एवढंच. ते गेले तोवर आमच्यात दुसरं बोलणं झालं नाही.

साहेब काय म्हणाले ते आप्पांना जाऊन सांगायचं होतं. पुढच्याच गुरुवारी मी पुन्हा वाडीच्या फाट्यावर उतरलो. दुपारची वेळ होती, थांब्यावर कुणी नव्हतं. तिथून घर दहा मिनिटांवर. त्यांच्या बायकोला काय सांगायचं ते मी बसमध्ये मनाशी जुळवलं होतं, तिथं उभं राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य धड राहिलं नाही. अर्ध्या तासाने पुढची एसटी आली. मी हात केला. कंडक्टरने विचारलं, कुठं? मी म्हणालो, शिरूर. त्यानंतर त्या फाट्यावर मी कधी उतरलो नाही. दौंडला जाता-येता गाडी तिथं थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहायचो.